हुंडा आणि स्त्रीधन: एकाच पेटीतल्या दोन गोष्टी

लग्नाच्या बैठकीत हल्ली ‘हुंडा’ हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. मुलाचे वडील म्हणतात, “आमचं काही मागणं नाही हो. तुम्ही तुमच्या मुलीला काय घालायचं ते घाला.” मुलीचे मामा लगेच सांगतात, “पंधरा तोळे आम्ही धरलेच आहेत.” मग हॉल कुणी घ्यायचा, मानपान किती जणांचा, करणीच्या साड्या कुठल्या, नवरदेवाला गाडी की नुसतीच अंगठी, अशी याद कागदावर उतरते आणि सुपारी फुटते. त्या कागदावर वरपासून खालपर्यंत हुंडा कुठेच लिहिलेला नसतो. पुढे बिनसलं की त्याच पंधरा तोळ्यांवरून वाद. माहेरचे म्हणतात, तो हुंडा होता, तुम्ही घेतलात. सासरचे म्हणतात, छे, ते तिचं स्त्रीधन.

गंमत अशी की दोघंही एकाच वेळी बरोबर असू शकतात. हुंडा आणि स्त्रीधन या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, हीच समजूत मुळात चुकीची आहे. देणं कसं झालं, हे हुंडा हा शब्द सांगतो. मालक कोण, हे स्त्रीधन सांगतं. तोच हार मागून घेतला तर हुंडा, आणि तरीही तो हार तिचाच.

आधी हुंडा. हुंडा प्रतिबंधक कायदा 1961 सालचा. लोकसभा आणि राज्यसभा यांचं त्यावर एकमत होईना, म्हणून संसदेची पहिलीवहिली संयुक्त बैठक याच विधेयकासाठी भरली होती. मूळ व्याख्येत ‘लग्नाचा मोबदला म्हणून’ दिलेली मालमत्ता म्हणजे हुंडा, असं होतं. इथेच सगळ्यांना पळवाट मिळाली, कारण हे मोबदला म्हणूनच दिलं हे सिद्ध कोण आणि कसं करणार? 1984 च्या दुरुस्तीने तो शब्द काढला आणि ‘लग्नाच्या संबंधात’ असा शब्दप्रयोग आणला. 1986 मध्ये ‘लग्नानंतर केव्हाही’ याचीही भर पडली. त्यामुळे साखरपुड्यात मागितलेली गाडी जशी हुंडा, तशीच लग्नानंतर दोन वर्षांनी, “फ्लॅटच्या डाउन पेमेंटला तुझ्या बाबांना जरा विचार ना,” असं म्हणून लग्नाच्या जोरावर उकळलेली रक्कमही हुंडा ठरू शकते. पैसे हातात पडायलाच हवेत असंही नाही, नुसती मागणी हाही स्वतंत्र गुन्हा आहे.

घेणारा आणि देणारा, दोघांनाही किमान पाच वर्षांची कैद आणि किमान 15,000 रुपये किंवा हुंड्याची किंमत, यांतली जी रक्कम जास्त असेल तेवढा दंड, असं कायदा म्हणतो. देणाराही गुन्हेगार, हे वाचून मुलीचा बाप तक्रारीला कचरतो. पण अन्याय झालेल्या माणसाने दिलेल्या जबाबावरून त्याच्यावर या कायद्याखाली खटला भरता येत नाही, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. ती मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

आता स्त्रीधन. हा शब्द धर्मशास्त्राइतका जुना. मनुस्मृतीत सहा प्रकार मोजलेत: लग्नाच्या अग्नीसमोर मिळालेलं, पाठवणीच्या वेळी मिळालेलं, प्रेमाने दिलेलं, आणि भाऊ, आई, वडील यांनी दिलेलं. ऐकायला छान वाटतं. पण जुन्या शास्त्राचा हात इथे आखडताच होता. बाईने स्वतः कलाकुसर करून मिळवलेल्या धनावर नवऱ्याची सत्ता असते, असं कात्यायनस्मृती सांगते. म्हणजे लोकांनी दिलेलं तिचं आणि तिने घाम गाळून कमावलेलं त्याचं! (पगार होताच एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात जातं अशी घरं आजही पाहिली, की कात्यायनाला फार जुना म्हणवत नाही.)

1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 14 ने हा घोळ मिटवला. वारसाने, भेट म्हणून, कमाईतून, खरेदीने, लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर हिंदू स्त्रीला मिळालेली मालमत्ता पूर्णपणे तिच्या मालकीची. एखाद्या दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकमानेच मर्यादित हक्क दिला असेल तर गोष्ट वेगळी. माहेरने घातलेल्या पाटल्या तिच्या, आणि सूनमुख पाहताना सासूने हौसेने घातलेला हारही तिचाच. “तो आमच्या घरचा, जाताना काढून ठेव” हे वाक्य सिरियलमध्ये खपतं, कोर्टात सहसा नाही. उलट बाजूही तितकीच खरी. सासऱ्यांनी न मागता जावयाला घातलेली अंगठी जावयाची असते, तिच्यावर मुलीने हक्क सांगायचं कारण नाही.

म्हणजे पहिला प्रश्न विचारायचा तो, हे कुणी मागितलं? आणि दुसरा, आता किल्ली कुणाकडे आहे?

पहिल्या प्रश्नावर आपण भरपूर बोलतो, दुसऱ्यावर जवळजवळ नाहीच. “आम्ही हुंडा घेतला नाही” असं छातीठोकपणे सांगणाऱ्या कित्येक घरांत सुनेचे दागिने सासूच्या कपाटात असतात. त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. नव्या मुलीला काय कळतंय, सुरक्षित ठेवलेत, लग्नकार्याला देतोच की. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये निकाल दिलेलं केरळातलं एक प्रकरण नेमकं असंच होतं. मुलीला माहेरने 89 पवन सोनं घातलं होतं, म्हणजे सातशे ग्रॅमहून जास्त. तिचं म्हणणं असं की पहिल्याच रात्री नवऱ्याने ते ‘सुरक्षित ठेवायला’ म्हणून घेतलं, आईकडे दिलं आणि पुढे ते त्यांच्या देण्यांत गेलं. न्यायालयाने सांगितलं, स्त्रीधन ही नवराबायकोची सामाईक मालमत्ता होत नाही. अडीनडीला नवऱ्याने ते वापरलं तर परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याची. आणि 25 लाख रुपये द्यायला लावले.

हे तत्त्व काही 2024 मध्ये जन्मलं नाही. 1985 च्या प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठरवलं होतं: बाई उंबरठा ओलांडून सासरी आली म्हणून तिच्या वस्तू घराच्या होत नाहीत, सासरचे फक्त सांभाळणारे, आणि मागूनही परत न देणं हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होऊ शकतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसारही मॅजिस्ट्रेट स्त्रीधन परत करण्याचा आदेश देऊ शकतात.

माहेरच्यांनाही एक चिमटा हवाच. ऑगस्ट 2024 मध्ये तेलंगणातलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. घटस्फोट झालेल्या मुलीचे वडील तिच्या जुन्या सासरकडून स्त्रीधन परत मागत होते. मुलीने त्यांना तसा अधिकार दिलेला नव्हता. न्यायालयाने सांगितलं, मालक ती एकटी, वडिलांना मागता येणार नाही. “आम्ही घातलेलं सोनं आहे” हे बापाचं वाक्य आणि “आमच्या घरात आलंय” हे सासऱ्याचं वाक्य एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. दोघांच्याही मते मुलगी म्हणजे सोनं इकडून तिकडे नेणारी पेटी.

मग हुंडा म्हणून जे दिलं गेलं त्याचं काय? ते बेकायदा, म्हणून बुडीत खात्यात? नाही. हुंडा कायद्याचं कलम 6 सांगतं की हुंडा दुसऱ्या कुणी घेतला असेल, तर त्याने तो तीन महिन्यांत त्या स्त्रीच्या हवाली करायचा आणि तोवर तिचा विश्वस्त म्हणून सांभाळायचा. लग्नानंतर सात वर्षांच्या आत तिचा अनैसर्गिक मृत्यू झाला, तर तो तिच्या मुलांकडे, मुलं नसतील तर आईवडिलांकडे जातो. अशा मृत्यूनंतर घेणाऱ्याच्या घरात तो राहावा अशी वाट कायद्याने ठेवलेलीच नाही. ही तरतूद रुक्ष वाटते, पण ती कशासाठी आहे हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे सांगतात: देशात 2022 या एका वर्षात 6,000 हून जास्त हुंडाबळी नोंदले गेले.

आपल्या शेजाऱ्यांकडेही हाच गुंता आहे. पाकिस्तानच्या 1976 च्या कायद्याने माहेरचा जहेज, सासरची भेट आणि इतर नजराणे यांच्या वेगवेगळ्या व्याख्या केल्या, जहेजावर 5,000 रुपयांची मर्यादा घातली आणि जहेज असो वा सासरची भेट, मालकी वधूचीच, असं लिहून ठेवलं. मर्यादा कुणी पाळली नाही ते सोडा. मेहेर मात्र या सगळ्यापासून वेगळा. तो नवऱ्याने बायकोला द्यायचा असतो आणि भारतीय कायद्याच्या व्याख्येतूनही तो स्पष्टपणे वगळलेला आहे. “तुमच्यात मेहेर, आमच्यात हुंडा, एकूण एकच,” असं म्हणणाऱ्याने पैसे कुठून कुठे जातात एवढं तरी पाहावं.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती तिसऱ्या गल्लतीची. बाप गेला की भाऊ तलाठ्याकडे जायच्या आधी बहिणीला फोन करतो. “ताई, तुझं लग्न थाटात करून दिलं, सोनं घातलं, आता सातबाऱ्यावर कशाला नाव? हक्कसोड करून दे, माहेर तुटायला नको.” म्हणजे जे लग्नात ‘प्रेमाने दिलं’ होतं ते अचानक जमिनीच्या हिश्श्याचा ॲडव्हान्स ठरतं! हिंदू उत्तराधिकार कायद्यात लग्नखर्च हिश्श्यातून वळता करायची कुठलीही तरतूद नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना जन्माने हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने 1994 मध्येच केली. तेव्हा लग्न झालेल्या मुली तिच्यातून सुटल्या, त्या 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीत आल्या. ती लागू झाली त्या दिवशी, म्हणजे 9 सप्टेंबर 2005 ला, बाप हयात असायलाच हवा का, हा वादही सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये मिटवला: तशी गरज नाही. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला तर तो तिचा निर्णय. पण ज्या सोन्याचा हिशेब तिला दाखवला जातो ते बहुतेक वेळा तिच्या हातातही नसतं, आणि लग्नाच्या जेवणावळींचा खर्च तर तिने मागितलाही नव्हता.

लग्नातल्या भेटवस्तूंची यादी करावी, असा नियम 1985 पासून आहे. वधूला मिळालेल्या वस्तूंची एक, वराला मिळालेल्यांची दुसरी. लग्नाच्या वेळी किंवा त्यानंतर लवकरात लवकर ती लेखी करायची. वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं असेल तर तेही, आणि खाली दोघांच्याही सह्या. अशी यादी केलेलं एकही लग्न मी पाहिलेलं नाही. “शुभकार्यात कसला संशय घेता?” म्हणतात. आणि त्याच मांडवाच्या दारात टेबल टाकून एक काका तीन तास बसलेले असतात, वहीत लिहीत: अमुक अमुक, 501 रुपये, तमुक, स्टीलचा डबा. आहेराची वही चोख, कारण उद्या परतफेड करायची असते.

यादी राहून गेली असेल तर सोनाराची पावती मुलीच्या नावाने मागावी, लग्नाचे फोटो जपावेत, आणि बँकेतला लॉकर तिच्या एकटीच्या नावावर असावा. सासूबाईंना वाईट वाटलं तर त्यांच्याही पाटल्या त्यांच्या स्वतःच्या लॉकरमध्ये आहेत का, ते आपुलकीने विचारून पाहावं. बऱ्याच घरांत त्याही सासऱ्यांच्या नावावरच्या लॉकरमध्ये निघतात.