बीव्हरचा सापळा काठावरून तराफ्यावर कसा गेला?

सतराव्या शतकात युरोपात बीव्हरच्या हॅटची चलती होती आणि युरोपातले बीव्हर मात्र संपत आले होते. बीव्हर म्हणजे पाण्यात राहणारा, झाडं कुरतडून बांध घालणारा मोठा कृंतक. या प्राण्याच्या राठ केसांखाली मऊ लव असते. तिच्या तंतूंना बारीक आकडे असतात, त्यामुळे ती आपसात गुंतून पावसातही आकार न सोडणारं फेल्ट, म्हणजे न विणता दाबून केलेलं जाड कापड, तयार होतं. साहजिकच व्यापाऱ्यांची नजर उत्तर अमेरिकेकडे वळली. १६७० साली इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीला सनद दिली. पुढे तिच्या ठाण्यांवर बंदुकीपासून घोंगडीपर्यंत सगळ्याचा भाव बीव्हरच्या कातड्यांत सांगितला जाऊ लागला.

तिथले मूळ रहिवासी बर्फ फोडून, बीव्हरची घरं उकरून, जाळी लावून त्यांना धरत. अठराव्या शतकाच्या अखेरीस पोलादी सापळ्याला कॅस्टोरियमची जोड मिळाली आणि शिकारीचा वेग भलताच वाढला. कॅस्टोरियम म्हणजे बीव्हरच्या शेपटीजवळच्या पिशव्यांतला उग्र वासाचा स्राव. बीव्हर त्याने आपली हद्द आखतो, आणि परक्याचा वास आला की चौकशीला येतोच. अमेरिका ओलांडून पॅसिफिकपर्यंत गेलेल्या मोहिमेचा प्रमुख मेरीवेदर लुईस याने ७ जानेवारी १८०६च्या नोंदीत या आमिषाची कृती दिली आहे. तिच्यात जायफळ, लवंग आणि दालचिनी आहे! पॅसिफिकच्या किनाऱ्यावर, ऐन थंडीत, रानातल्या मुक्कामी हा मसाला.

सापळा लावण्याची रीत ठरलेली होती. आपला वास काठावर राहू नये म्हणून शिकारी पाण्यातून चालत येई. काठालगत, पाण्याखाली चार-पाच बोटांवर सापळा बसवी आणि आमिषात बुडवलेली काडी त्याच्या वर झुकवून ठेवी. सापळ्याची साखळी खोल पाण्याकडे नेऊन तिच्या कडीतून वाळक्या लाकडाचा खुंटा ठोकला जाई. पाय अडकलेला बीव्हर सवयीने खोल पाण्याकडे धावे आणि सापळ्याच्या वजनाने बुडून मरे. त्याने खुंटाच उपटला, तर ते वाळकं लाकूड तरंगत राही आणि सापळा कुठे गेला ते कळे. सापळा महाग, त्यामुळे ही काळजी. तरंगत्या लाकडाचा संबंध इथपासूनच आहे, फक्त त्याचं काम अजून खुणेचं होतं.

ही सगळी रीत त्या चार-पाच बोटांवर उभी होती. पाणी वीतभर चढलं की बीव्हर सापळ्यावरून पोहत जाणार, उतरलं की सापळा उघडा पडणार. बीव्हरच्या तळ्यात याची फारशी धास्ती नसे, कारण ती पातळी त्याने स्वतःच बांध घालून धरलेली असते. बांधाला गळती लागली की तो रातोरात चिखल-काटक्यांनी ती बुजवतो. म्हणजे शिकाऱ्याचं काम अर्धंअधिक शिकारच करून ठेवत होती, असं म्हणायला हरकत नाही.

१८३०च्या दशकात रेशमी हॅट आली आणि कातड्यांचा भाव पडला, पण तोवर मोठमोठे प्रदेश रिकामे झाले होते. विसाव्या शतकात संरक्षण आणि पुनर्वसन सुरू झालं. १९४८ साली अमेरिकेच्या आयडाहो राज्यात तर ७६ बीव्हर पेट्यांत घालून पॅराशूटने डोंगरांत उतरवले गेले. बीव्हर परतले खरे, पण मधल्या काळात नद्यांवर माणसाची धरणं झाली होती. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की खालची नदी काही तासांत चढते, मग पुन्हा उतरते. अशा काठावर सकाळी नीट बसवलेला सापळा संध्याकाळी निकामी.

तोडगा मस्क्रॅट, म्हणजे पाण्यात राहणारा बीव्हरहून बराच लहान कृंतक, पकडणाऱ्यांकडे तयारच होता. मस्क्रॅट तरंगत्या ओंडक्यावर चढून बसतो, तिथेच खातो, तिथेच घाण करतो. म्हणून ओंडक्याला पाण्याच्या रेषेशी खाच पाडून तिच्यात सापळा ठेवत. ओंडका पाण्याबरोबर वर-खाली होतो, खाचेतली खोली तेवढीच राहते. बीव्हरसाठी हेच मोठ्या मापात करावं लागतं. मोठा नर वीस-पंचवीस किलोंचा सहज भरतो, एका ओंडक्यावर तो चढू लागला तर ओंडकाच उलटेल. म्हणून दोन-तीन ओंडके जोडून तराफा करतात, त्यावर चिखलाचा ढीग आणि कॅस्टोरियम, चढायला पाण्यात उतरती फळी, आणि नांगराच्या दोराला भरपूर ढील. दोर आखूड पडला तर चढत्या पाण्यात तराफाच बुडतो.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातल्या फ्रँक कॉनिबेअर यांचा, पायाऐवजी अंगावर मिटणारा चौकटीचा सापळा बाजारात आला. प्राणी पायात अडकून तडफडू नये, चटकन मरावा, हा त्यांचा हेतू. बीव्हरसाठी त्यातलं ३३० क्रमांकाचं, दहा इंची चौकटीचं माप रूढ झालं. हा सापळा पाण्यात टांगता येतो, त्यामुळे तो तराफ्यालाही जोडता येतो.

तराफ्याची सर्वांत पद्धतशीर कसोटी मात्र बीव्हरवर झाली नाही. फरसाठी इंग्लंडमध्ये आणलेले कॉयपू, म्हणजे दक्षिण अमेरिकेतले पाणथळीतले मोठे कृंतक, निसटून पूर्व अँग्लियाच्या पाणथळीत माजले होते. १९८१ साली त्यांच्या निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. तिच्यात पिंजरे आमिषासह तराफ्यांवर ठेवून पाहिले, तेव्हा काठापेक्षा कॉयपू जास्त सापडले आणि नको ते प्राणी-पक्षी कमी अडकले. १९८९मध्ये मोहीम यशस्वी झाल्याचं जाहीर झालं. अमेरिकेत वाद वेगळ्याच दिशेने गेला. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी १९९६मध्ये पाय पकडणाऱ्या आणि कॉनिबेअर प्रकारच्या सापळ्यांवर कडक बंधनं घातली. पुढे बीव्हरच्या बांधांमुळे घरं-रस्ते पाण्याखाली जाऊ लागल्याच्या तक्रारी वाढल्या, आणि २००० साली स्थानिक आरोग्य मंडळांना तातडीच्या प्रसंगी परवाने देण्याची मुभा मिळाली.