क्लीव्हलँडची सांस्कृतिक उद्याने

क्लीव्हलँडची सांस्कृतिक उद्याने : अमेरिकेच्या ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात, रॉकफेलर पार्कमध्ये असलेली उद्यानमालिका. शहरात येऊन स्थायिक झालेल्या एकेका समाजाने मायदेशाच्या नावे एक बाग उभारायची, तिच्यात आपले कवी, संगीतकार, विचारवंत यांचे पुतळे बसवायचे आणि तिची निगाही आपणच राखायची, अशी ही पद्धत आहे. जमीन नगरपालिकेची, बाग समाजाची. आज बागांची संख्या तिसाच्या वर गेली आहे. ‘वन वर्ल्ड डे’ हा वार्षिक उत्सव याच जागेत भरतो.

शहराच्या शताब्दीच्या वर्षी, १८९६ मध्ये, तेलव्यवसायातील उद्योगपती जॉन डी. रॉकफेलर यांनी डोन ओढ्याकाठची जमीन शहराला दिली. हा ओढा एका घळीतून वाहत उत्तरेस ईरी सरोवराला मिळतो. घळीच्या तळाशी आज मार्टिन लूथर किंग मार्ग आहे आणि वरच्या कडेने ईस्ट बुलेव्हार्ड जातो. बहुतेक बागा या दोन रस्त्यांमधल्या उतारावर बसवल्या आहेत. म्हणून त्यांत दगडी पायऱ्या, उतार अडवणाऱ्या भिंती आणि टप्प्याटप्प्याने चढत जाणारे चौथरे सर्वत्र दिसतात. काही बागांचे खालचे व वरचे असे दोन भाग आहेत आणि ते वेगवेगळ्या काळी पुरे झाले आहेत.

उगम : उद्यानमालिकेचा प्रारंभ कोणत्या वर्षी मानावा, याविषयी दोन मते आहेत. पहिल्या मताप्रमाणे प्रारंभ १९१६ चा. त्या वर्षी शेक्सपिअरच्या मृत्यूला तीनशे वर्षे झाली. त्या निमित्ताने एप्रिलमध्ये पार्कात शेक्सपिअर उद्यानाचे उद्‌घाटन झाले. त्याच्या नाटकांत येणाऱ्या फुलझाडांची लागवड हे या बागेचे मुख्य अंग होते. उपक्रमामागे लिओ वाइडेनथाल हे पत्रकार होते. आधी ते ‘प्लेन डीलर’ या दैनिकात होते, पुढे ‘ज्यूइश इंडिपेंडंट’ या साप्ताहिकाचे संपादक झाले. हे उद्यान पाहून त्यांना वाटले की, असा मान शहरातील इतर समाजांच्या साहित्यिकांनाही मिळायला हवा. उद्यानांची पालक संस्था हीच कथा सांगत आली आहे, आणि उद्यानांचा वर्धापनकाळही सामान्यतः १९१६ पासूनच मोजला जातो.

दुसरे मत प्रारंभ १९२६ मध्ये धरते. शेक्सपिअर उद्यान हे स्थलांतरितांचे उद्यान म्हणून उभारलेलेच नव्हते. इंग्रजी नाट्यपरंपरेला शहराच्या प्रतिष्ठित वर्गाने केलेले ते अभिवादन होते, आणि तशी शेक्सपिअर उद्याने त्याच सुमारास अन्य अमेरिकी शहरांतही झाली. ‘प्रत्येक समाजाला एक बाग’ ही योजना म्हणून आकाराला आली ती १९२६ मध्ये, ज्यू समाजाच्या हिब्रू उद्यानाच्या उद्‌घाटनाने. त्याच्या आदल्या वर्षी जेनी झ्विक यांच्या पुढाकाराने ‘सिव्हिक प्रोग्रेस लीग’ ही संस्था निघाली होती आणि तिचेच पुढे ‘कल्चरल गार्डन लीग’ झाले. १९५२ पासून ही संस्था महासंघ म्हणून ओळखली जाते. १९२७ च्या सुमारास नगर परिषदेने पुढील बागांसाठी पार्कातील जागा राखून ठेवली. कागदपत्रांचा क्रम पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. शेक्सपिअर उद्यान मालिकेत ब्रिटिश उद्यान म्हणून सामावले गेले, ते मागाहून. एकट्या वाइडेनथाल यांच्याभोवती गुंफलेल्या कथेत झ्विक यांचे नाव मागे पडते. या स्त्रीने बांधलेली संघटना नसती, तर कल्पना वृत्तपत्राच्या रकान्यातच राहिली असती, हे नमूद करणे अगत्याचे आहे.

पार्श्वभूमी : १९२० च्या जनगणनेत क्लीव्हलँडची लोकसंख्या ७,९६,८४१ होती आणि अमेरिकेत शहराचा पाचवा क्रमांक होता. रहिवाशांपैकी सुमारे तीस टक्के परदेशात जन्मलेले होते. पोलिश, झेक, स्लोव्हाक, हंगेरियन, स्लोव्हेनियन, इटालियन, लिथुएनियन, ज्यू या लोकांना पोलाद कारखाने, शिवणकामाच्या गिरण्या व गोदी यांनी ओढून आणले होते. पहिल्या महायुद्धात ‘अमेरिकीकरणा’ची मोहीम जोरात होती आणि परकी भाषा बोलणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाई. १९२४ च्या स्थलांतर कायद्याने देशवार कोटा ठरवून दक्षिण व पूर्व युरोपातून येणाऱ्यांची वाट जवळजवळ बंद केली. उद्यानांची चळवळ यानंतर लगेच उभी राहते. नवी माणसे येण्याचे थांबले, तेव्हा आलेल्यांनी आपली नावे दगडात कोरून घेतली, असा अर्थ काही अभ्यासक लावतात. तो पूर्णपणे सिद्ध झालेला नाही, पण काळाचा क्रम त्याला अनुकूल आहे.

रचना व आशय : राजकारणी व सेनानी टाळून साहित्य, संगीत व विज्ञान यांतील व्यक्तींचे पुतळे बसवावेत, असा आरंभापासून कल राहिला. हिब्रू उद्यानाची आखणी षट्कोनी ताऱ्याच्या आकाराची आहे. तिच्या मध्यभागी गुलाबी संगमरवराचे कारंजे असून त्याचे पात्र सात खांबांवर पेललेले आहे. ‘प्रज्ञेने आपले घर बांधले आहे, आपले सात खांब घडवले आहेत’ या बायबलमधील नीतिसूत्राचा हा आधार आहे. ते वचन माहीत असलेला माणूस खांब मोजतो, इतरांना नुसते कारंजे दिसते. आयरिश उद्यानाची आखणी केल्टिक क्रुसाच्या, म्हणजे वर्तुळ जोडलेल्या क्रुसाच्या, आकारात आहे. जर्मन उद्यानातील ग्योटे व शिलर या जर्मन कवींचे जोडशिल्प ही जर्मनीतील वायमार येथील शिल्पाची प्रतिकृती होय. ती १९०७ मध्ये शहरात दुसरीकडे उभारली होती आणि १९२९ च्या सुमारास बागेत हलवली. इटालियन उद्यानाचे उद्‌घाटन १९३० मध्ये रोमन कवी व्हर्जिलच्या द्विसहस्र जन्मवर्षी झाले. युक्रेनियन उद्यानासाठी शिल्पकार अलेक्झांडर आर्किपेंको यांनी अर्धपुतळे घडवले. बांधकामाला खरा वेग आला तो महामंदीत. संघराज्य सरकारच्या रोजगार योजनेवरील बेकार मजुरांनी भिंती, पायऱ्या व फरसबंदी केली. पुतळ्यांचा खर्च समाज वर्गणीतून करी.

‘पीस गार्डन’ या भागात १९३६ मध्ये निरनिराळ्या देशांतील ऐतिहासिक स्थळांची माती आणून ती एकत्र मिसळून जमिनीखालच्या कोठीत ठेवली. तीन वर्षांत ते देश आपसात लढू लागले. मिसळलेली माती मात्र तशीच आहे.

यूगोस्लाव्ह उद्यान १९३८ चे. सर्ब, क्रोएट व स्लोव्हेनियन यांची ती एकत्र बाग होती. मायदेश फुटल्यानंतर ती स्लोव्हेनियन उद्यान झाली आणि सर्बियन व क्रोएशियन बागा २००८ पासून पुढे स्वतंत्रपणे आल्या. स्लोव्हाक, झेक व रूसिन (कार्पेथियन पर्वतभागातील स्लाव्ह लोक) यांच्या बागा मुळातच वेगळ्या होत्या. त्यांपैकी झेक व स्लोव्हाक हा भेद राजकीय नकाशाने बराच उशिरा मान्य केला.

वन वर्ल्ड डे : पहिला उत्सव १९४६ मध्ये, दुसरे महायुद्ध संपल्यावर झाला. अलीकडे तो सामान्यतः ऑगस्टच्या अखेरीस एका रविवारी असतो. ध्वजांची मिरवणूक हा त्याचा मुख्य कार्यक्रम. प्रत्येक समाज आपापल्या पेहरावात, आपल्या ध्वजामागे चालतो. मग ज्याच्या त्याच्या बागेत गाणी, नाच व खाद्यपदार्थ असतात. याच दिवशी नव्या नागरिकांचा शपथविधी होतो. ओळखीच्या पुतळ्यांच्या शेजारी उभे राहून उजवा हात वर करणारी ही माणसे आदल्या दिवशीपर्यंत कायद्याने परकी असतात. नागरिकत्व न्यायालयाच्या खोलीत न देता, आधी आलेल्यांच्या बागांमध्ये देणे ही या उत्सवाची सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

ऱ्हास व पुनरुज्जीवन : १९५० नंतर गोरे रहिवासी उपनगरांकडे सरकले. उद्यानांलगतच्या ग्लेनव्हिल भागात एके काळी ज्यू वस्ती मोठी होती, पुढे तेथे आफ्रिकी अमेरिकी बहुसंख्य झाले. जवळच्या हफ भागात १९६६ मध्ये व ग्लेनव्हिल येथे १९६८ मध्ये वांशिक उद्रेक झाले. बागांकडे येणे कमी झाले, पुतळे चोरीस गेले किंवा काढून ठेवावे लागले. शेजारी राहणाऱ्या कृष्णवर्णीयांना मात्र या मालिकेत दीर्घकाळ स्वतःची बाग नव्हती. १९७७ मध्ये त्यांच्यासाठी जागा नेमली गेली, पण पहिला टप्पा उभा राहायला २०१६ च्या आसपासचा काळ उजाडला. गुलामांना जहाजावर चढवण्याआधीच्या शेवटच्या दाराची प्रतिकृती त्यात आहे. जवळजवळ चार दशकांचा हा विलंब उद्यानांच्या गौरवपर इतिहासात ओझरता येतो, तो तसा येऊ नये.

१९६५ च्या स्थलांतर कायद्याने कोटापद्धत संपल्यावर येणाऱ्यांचे देश बदलले. चिनी उद्यान १९८५ चे. २००० नंतर लाटव्हियन, अझरबैजानी, आर्मेनियन, अल्बेनियन, सीरियन अशा बागांची भर पडली. शहराची लोकसंख्या २०२० मध्ये ३,७२,६२४ पर्यंत घटली, तरी बागा वाढत राहिल्या.

भारतीय उद्यान याच टप्प्यातील असून त्यात महात्मा गांधींचा पूर्णाकृती ब्राँझ पुतळा २००६ च्या सुमारास बसवला गेला. राजकीय व्यक्ती टाळण्याच्या जुन्या कलाला हा अपवाद म्हणावा की गांधींना विचारवंत म्हणून त्यात स्थान आहे, हा प्रश्न उरतो. दुसरे उत्तर पटण्यासारखे आहे. याच शहरात १९७८ पासून भरणाऱ्या त्यागराज उत्सवाचा (कर्नाटक संगीताचा महोत्सव) उद्यानांशी संबंध नाही, परंतु येथील भारतीयांची सांस्कृतिक ओळख मुख्यत्वे त्यामुळे झाली आहे. भारतीय उद्यानात भाषावार विभाग नाहीत. मराठी, गुजराती, तेलुगू, तमिळ सर्वांना तेथे एकच ध्वज आहे.