एकाच तारखेला दोघं? जुळणारच की!

स्टीफन हॉकिंगचा जन्म 8 जानेवारी 1942 चा आणि गॅलिलिओचा मृत्यू 8 जानेवारी 1642 चा, म्हणजे मोजून 300 वर्षं आधी. बरं इथेच संपत नाही, हॉकिंगचा मृत्यू 14 मार्च 2018 ला आणि 14 मार्च म्हणजे आइन्स्टाइनचा वाढदिवस, वर मृत्यूच्या वेळी दोघांचंही वय 76. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता, आणि यातल्या सगळ्या तारखा खऱ्या आहेत, थापा नाहीत. फक्त हॉकिंग स्वतःच सांगायचे की त्यांच्या जन्माच्या दिवशी जगात अजून साधारण 2 लाख बाळं जन्मली असतील. त्यांच्याबद्दल कोणी मेसेज फिरवत नाही.

आता जरा गणित बघू, अवघड नाहीये. एका खोलीत किती माणसं जमली की त्यातल्या कुठल्यातरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते? बहुतेक जण 365 च्या निम्मे करून 180 वगैरे सांगतात, उत्तर आहे 23. कारण आपण नकळत "माझ्याशी कोणाचा जुळतो" असा विचार करतो, पण प्रश्न कोणाही दोघांचा आहे आणि 23 माणसांच्या जोड्या होतात 253, प्रत्येक जोडी म्हणजे एक नवा चान्स. 57 माणसं असतील तर शक्यता 99 टक्क्यांवर जाते. जन्म वर्षभर सारखे विखुरलेले नसतात, काही महिन्यांत जास्त होतात हे खरं, पण त्याने जुळण्याची शक्यता वाढतेच, कमी होत नाही.

प्रसिद्ध माणसांचं तर अजून सोपं, कारण प्रत्येकाच्या दोन तारखा, जन्माची आणि मृत्यूची. 100 शास्त्रज्ञ घेतले की 200 तारखा, त्यांच्या जोड्या 19,900, भागिले 365, म्हणजे साधारण 54 जोड्या आपोआप जुळणार, कोणी काही न करता! मग त्यातल्या ज्यात बरोब्बर 300 वर्षं किंवा सारखं वय असं काहीतरी सापडतं तेवढ्या आपण लक्षात ठेवतो.

एक जोडी मात्र मला अशी झटकून टाकता येत नाही. अमेरिकेचे दोन माजी राष्ट्राध्यक्ष, जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन, दोघंही 4 जुलै 1826 ला गेले, दोघांनीही सही केलेल्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला 50 वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी. एक 90 वर्षांचे, दुसरे 83 चे. तो दिवस बघायचाच म्हणून त्यांनी तग धरला असं काही जण म्हणतात, सिद्ध कसं करणार? पण इथे तारखेला त्या दोघांसाठीच खास अर्थ होता, हॉकिंग-गॅलिलिओसारखं नंतर जोडलेलं नाही.

आणि मुळात "एकच तारीख" हेच कधीकधी फसवं असतं. शेक्सपिअरचा मृत्यू 23 एप्रिल 1616 चा, 'डॉन किहोते' लिहिणारा स्पॅनिश लेखक सर्व्हांटेस, त्याच्या नावापुढेही वर्षानुवर्षं तीच तारीख लिहिली जायची (तो बहुधा 22 ला गेला, 23 ला पुरला). पण स्पेनने 1582 मध्येच नवं ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं होतं आणि इंग्लंड 1752 पर्यंत जुन्या, 10-11 दिवस मागे चालणाऱ्या ज्युलियनवरच अडून बसलं होतं, त्यामुळे शेक्सपिअर खरं तर 10-11 दिवसांनंतर गेला.

सगळ्यात भारी गडबड न्यूटनची. गॅलिलिओ ज्या वर्षी गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हे किती वेळा ऐकलं असेल. न्यूटनचा 25 डिसेंबर 1642 हा जन्म इंग्लंडच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे, नव्याप्रमाणे तो होतो 4 जानेवारी 1643, गॅलिलिओची तारीख मात्र इटलीच्या नव्या कॅलेंडरची. बरं, दोघांना जुन्यात बसवा, तर गॅलिलिओ जातो 29 डिसेंबर 1641 वर, म्हणजे कुठलंही एकच कॅलेंडर वापरा, वर्ष जुळत नाही ते नाहीच.

जाता जाता 14 मार्चचं. हा पाय दिवस (पाय म्हणजे π, वर्तुळाचा परीघ भागिले व्यास), कारण 3.14, पण ते महिना आधी लिहिला तरच. दिवस आधी लिहिणाऱ्यांसाठी 22 जुलै, 22/7, जो 3.14 पेक्षा पायच्या जास्त जवळ आहे. त्या दिवशी आइन्स्टाइन नाही की हॉकिंग नाही, म्हणून मुद्दाम शोधलं. 22 जुलै 1784 ला फ्रीडरिश बेसेल जन्मला होता, 1838 मध्ये दुसऱ्या ताऱ्यापर्यंतचं अंतर मोजून दाखवणारा.