भूप ऐकू आला, पण तो भूप नव्हता

जावा बेटावरच्या गामेलानचं, म्हणजे तिथल्या धातूच्या वाद्यांच्या वृंदाचं, ध्वनिमुद्रण मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा दोन मिनिटांत मनाशी निकाल लावून टाकला: हा तर भूप राग! धातूच्या पट्ट्या आणि घंटा, त्यांतून फिरणारे मोजून पाच सूर. मी सोबत गुणगुणायला लागलो. सा जुळला, रे कसाबसा जुळला आणि गंधारावर गाडी अडली. माझ्या गंधारापेक्षा वाद्यांचा सूर चांगलाच चढा होता. मग वाटलं, मध्यम असेल, म्हणजे दुर्गा राग. तोही बसेना. मी नाव देत होतो आणि सूर त्या नावातून निसटत होता.

वेगवेगळ्या संस्कृतींचं संगीत शेजारी ठेवून पाहायचं म्हटलं की पहिली अडचण हीच येते. ऐकायला बसण्याआधीच आपल्या कानाने तुलना उरकलेली असते. अनोळखी सुराला तो जवळच्या ओळखीच्या सुरावर नेऊन बसवतो.

या अडचणीवर पहिलं कामाचं हत्यार दिलं अलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकाने, १८८५ साली. त्याने सप्तकाचे १२०० समान भाग पाडले आणि एका भागाला सेंट म्हटलं. हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये (काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून) १०० सेंट असतात. या मापाने भूप मोजला तर सा-रे २००, रे-ग २००, ग-प ३००, प-ध २०० आणि ध ते वरचा सा ३००. (हे हार्मोनियमचे आकडे आहेत, तंबोऱ्याशी मिळवून गाणाऱ्याचा गंधार थोडा उतरलेला असतो.) मी ऐकलेल्या गामेलानची सुरावट स्लेंद्रो नावाची. तिच्यात पाचही अंतरं जवळजवळ सारखी, प्रत्येकी साधारण २४० सेंट. भूपाची चाल लहान-मोठ्या पावलांची आणि स्लेंद्रोची एकसारख्या पावलांची. गंधारावर मी का अडलो ते या आकड्यांनी सांगितलं. शिवाय स्लेंद्रोचा एक ठरलेला साचा नाहीच. प्रत्येक गामेलान-संच आपापल्या सुरात घडवलेला असतो आणि एका संचातलं वाद्य उचलून दुसऱ्यात ठेवलं तर सहसा जुळत नाही.

एलिसने अनेक देशांची वाद्यं मोजली. निष्कर्ष असा काढला की जगाची सुरावट एक नाही, ती निसर्गाने नेमून दिलेली नाही, ती फार विविध आणि माणसाने घडवलेली आहे. युरोपची सुरावट हीच नैसर्गिक, असं तिथे मानलं जात असण्याच्या काळात हे म्हणायला धाडस लागत होतं. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

पण म्हणून निसर्गाचा काहीच हात नाही असंही नाही. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडून शांत बसलं तर थोड्या वेळाने तिच्यातून गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तार कंप पावते तेव्हा मूळ सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनसंख्येचे सूरही निघतात, ते उपस्वर. तिपटीतून पंचम मिळतो, पाचपटीतून गंधार. माणसाचा गळा आणि बासरीही याच हिशेबाने चालतात. धातूची पट्टी किंवा घंटा मात्र असा पूर्ण पटींचा हिशेब पाळत नाही. तिचे उपस्वर भलत्याच ठिकाणी पडतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ऐकणाऱ्यांना बोनांग या गामेलानमधल्या वाद्यासारखे उपस्वर असलेले कृत्रिम सूर दिले, तेव्हा त्यांना गोड वाटणारी अंतरं सरकली आणि स्लेंद्रोच्या अंतरांजवळ गेली. म्हणजे कोणते सूर एकमेकांशी जुळतात, हे ते कोणत्या वाद्यातून निघतात यावरही ठरतं. आपल्या तंबोऱ्याने आपला कान घडवला, तसा तिथल्या धातूने तिथला.

याहून मोठा धक्का बोलिव्हियाच्या ॲमेझॉन भागात राहणाऱ्या त्सिमाने लोकांनी दिला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांना आपण सुसंवादी आणि विसंवादी म्हणू अशा स्वरजोड्या ऐकवल्या. दोन्ही त्यांना सारख्याच आवडल्या. आणखी तीन वर्षांनी त्यांना गळ्याच्या आवाक्याबाहेरचे सूर ऐकवून ते गाऊन दाखवायला सांगितलं. पाश्चात्त्य संगीताला सरावलेली माणसं अशा वेळी तोच सूर आपल्या सप्तकात आणून गातात. त्सिमाने गाणाऱ्यांनी सुरांचा चढउतार पाळला, पण वरचा सा आणि खालचा सा हा एकच स्वर आहे, या समजुतीचा मागमूस त्यांच्या गाण्यात नव्हता. सा पुन्हा भेटतो हे आपल्याला इतकं उघड वाटतं, की ते शिकावं लागत असेल अशी शंकाही कधी येत नाही.

सेंट मोजून सगळं हाती लागतं का? त्यासाठी घरचंच उदाहरण पुरे. भूप आणि देशकार. दोघांचेही स्वर सा रे ग प ध. यंत्राला नुसते स्वर मोजायला सांगितले तर ते म्हणेल, राग एकच. पण भूपात गंधारावर विसावायचं असतं, तर देशकारात सगळा जीव धैवतात. भूप गाताना धैवतावर जरा जास्त रेंगाळलं की गुरुजींची नजर वर उठते. ही ओळख कोणत्या सुरावर किती वेळ थांबायचं आणि तिथे कुठून यायचं, यात आहे. चीनमध्येही याच पाच स्वरांची सुरावट फार जुनी आहे आणि स्कॉटलंडच्या लोकगीतांतही ती भेटते. त्यांना भूप म्हणणं म्हणजे अक्षरं तीच म्हणून मराठी आणि नेपाळी एकच भाषा मानण्यासारखं आहे.

लयीचंही असंच. बल्गेरियाच्या राचेनित्सा नाचाचं आवर्तन सात मात्रांचं, २+२+३ असं. आपला रूपक तालही सातचा, पण ३+२+२ आणि समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, टाळीऐवजी खाली. ऐकून ऐकून रूपक अंगात मुरलेला असतो म्हणून तो आपल्याला अवघड वाटत नाही. ज्यांच्या भोवती दोन-चारच्याच लयी वाजतात त्यांचा पाय सातात चुकतो. उत्तर अमेरिकेत लहान बाळांवर झालेले प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांच्या बाळांना साध्या लयीतला बिघाड कळत होता आणि बाल्कन भागातल्या वेड्यावाकड्या लयीतलाही. वर्षाच्या बाळांना फक्त ओळखीच्या लयीतला. थोडे दिवस ते परकं संगीत ऐकवल्यावर त्या बाळांचा कान पुन्हा उघडला. मोठ्यांचा तसा उघडला नाही.

एकेकाळी तुलना म्हणजे शिडी होती. एक सूर, मग दोन, मग पाच, मग सात आणि सर्वांत वर युरोपचं अनेक आवाजांचं संगीत. ही मांडणी मला नुसती चुकीची नाही, अन्यायाचीही वाटते. मध्य आफ्रिकेच्या जंगलातले आका लोक कागदावर एक चिन्हही न लिहिता अनेक आवाज एकमेकांत विणून गातात. त्यांना कोणत्या पायरीवर बसवणार?

आता शिडीऐवजी मोजणी होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जगभरची ३०४ ध्वनिमुद्रणं तपासली गेली. एकाही अपवादाशिवाय सगळीकडे सापडावा असा एकही गुण निघाला नाही. बहुतेक ठिकाणी आढळणारे गुण मात्र बरेच निघाले: सुटे सुटे ठरलेले सूर, नियमित ठोका, घोळक्याने गाणं. २०२४ मध्ये आणखी एक काम आलं. त्यात ५५ भाषांतल्या ७५ संशोधकांनी स्वतःच गाऊन आणि बोलून दाखवलं. बोलण्यापेक्षा गाणं संथ, चढ्या पट्टीतलं आणि स्थिर सुरांचं असतं, असं एकूणात दिसलं. परक्याच्या गाण्याचा अर्थ तिसऱ्यानेच लावण्यापेक्षा ज्याची भाषा त्यानेच गावं, ही त्यातली गोष्ट मला विशेष आवडली.

त्याआधी, २०१८ साली आलेल्या अभ्यासात ८६ लहान समाजांतली ११८ गाणी घेतली होती. ६० देशांतल्या ७५० जणांना त्यांचे १४ सेकंदांचे तुकडे ऐकवून विचारलं, हे गाणं कशासाठी असेल? भाषा परकी, समाज परका. तरी नाचाचं गाणं आणि अंगाई लोकांनी चांगली ओळखली. आजार बरा करण्यासाठी म्हटलेलं गाणं त्यापेक्षा कमी. प्रेमगीत मात्र ओळखता आलं नाही. पाय थिरकवायला ठोका पुरतो, बाळ निजवायला संथ, मऊ आवाज पुरतो. पण त्या १४ सेकंदांत शब्द कळत नव्हते, आणि गाणारा कुणासाठी गातोय तेही दिसत नव्हतं.