स्पेक्ट्रमची मेमरी गेली? आधी उणे पाच व्होल्ट बघा

झेडएक्स स्पेक्ट्रम हा ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर चालू केला आणि टीव्हीवर नुसत्या उभ्या रेघा, खाली '१९८२ सिंक्लेअर रिसर्च' ही ओळ यायला हवी ती येतच नाही. झालं, मेमरी गेली म्हणायचं आणि आठ चिप्सची ऑर्डर टाकून मोकळं व्हायचं. जरा थांबा. मेमरी गेली असेलही, पण तिला मारणारा भलताच कोणी असू शकतो, आणि तो तसाच राहिला तर नव्या चिप्सही त्याच वाटेने जाणार. चोर सोडून संन्याशाला सुळी!

४८ के (किलोबाइट) मॉडेलमध्ये मेमरी दोन तुकड्यांत असते. खालच्या १६ के साठी ४११६ नंबरच्या आठ चिप्स, आणि एकेक चिप बाइटमधला एकच बिट सांभाळते. गंमत म्हणजे पडद्यावरचं चित्र, म्हणजे ६९१२ बाइट, ह्याच १६ के मध्ये राहतं, त्यामुळे मेमरीचं दुखणं पडद्यावरच उमटतं. एक चिप मेली की प्रत्येक बाइटमधला तोच बिट अडकतो, म्हणून दर आठ ठिपक्यांनी एक रेघ. आठातला कितवा ठिपका ते मोजलं की चिप सापडली (रंगांचे बाइटही बिघडतात, त्यामुळे चित्र दरवेळी इतकं स्वच्छ नसतं).

आता खरी गोची. ४११६ला तीन व्होल्टेज लागतात: +५, +१२ आणि -५. अडॅप्टर देतो फक्त ९, त्यातून +५ आतला ७८०५ रेग्युलेटर काढतो, आणि +१२ व -५ एक छोटी कॉइल आणि टीआर४ नावाचा ट्रान्झिस्टर मिळून तयार करतात. -५ चं काम चिपच्या सिलिकॉनचा तळ शून्याच्या खाली धरून ठेवायचं, ते गेलं आणि १२ चालू राहिलं तर नको तिथून करंट वाहतो, चिप तापते आणि मरते. उलटही होतं, एखादी चिप शॉर्ट झाली की तिचा भार १२ व्होल्टवर येतो आणि टीआर४ जातो. कोंबडी आधी की अंडं! हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरच्या पिनच्या मध्यभागी प्लस असतो, स्पेक्ट्रमला तिथे मायनस लागतो, उलटा लावला तरी टीआर४ चाच बळी.

म्हणून आधी मल्टिमीटर. काळी तार ४११६ च्या १६ नंबरच्या पिनला, मग १ वर -५, ८ वर +१२, ९ वर +५ यायला पाहिजे. ह्यातलं एक जरी नसेल तर तिथेच थांबा. सगळं ठीक असेल तर चिप्सवर बोट फिरवा, एखादी चटका देईल, बहुतेक तीच. दुसरी युक्ती म्हणजे संशयित चिपच्या डोक्यावर चांगली चिप बसवून बघायची. पण आजारी चिप गप्प झालेली असेल तरच हे चालतं, तिने डेटाची लाइन खाली ओढून धरली असेल तर वरचीचं काही चालत नाही. आठही चिप्स एकदम खराब वाटल्या तर मात्र मेमरीतला पत्ता निवडून देणाऱ्या ७४एलएस१५७ ह्या चिप्सवर संशय घ्या, आठही एकदम मरायला -५ जावं लागतं आणि ते तर तपासून झालंय.

वरच्या ३२ के चा बिघाड मात्र कळतच नाही. सुरुवातीला मशीन बाइट लिहून परत वाचत जातं आणि जिथे चुकतं तिथे मेमरी संपली असं धरतं, म्हणजे ४८ के वाला बिचारा १६ के होऊन मजेत चालतो आणि मोठा गेम लोड करताना गचकतो. 'प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३' टाइप करा, ६५५३५ आलं तर ठीक, ३२७६७ आलं तर वरचा मजला बंद.

त्या मजल्यावरच्या चिप्स मुळातच अर्ध्या खराब! ६४ के च्या ज्या चिप्सचा एक अर्धा भाग चालत नव्हता त्या स्वस्तात घेऊन लावल्या, आणि कुठला अर्धा चांगला ते बोर्डवरच्या जम्परने (जोडणीच्या छोट्या तारेने) ठरवलं. आता बदलायची वेळ आली की लोक सरळ पूर्ण चांगली ६४ के ची ४१६४ चिप लावतात, तिचा अर्धा भाग नुसता बसून राहतो.