कॉटन म्हणून आणलं, निघालं रेयॉन: बाळंतिणीच्या उन्हाळी कपड्यांचं कापड

दुकानात ठाणं उलगडत बसलेल्या काकांना मी विचारलं, "हे कॉटन आहे ना?" ते म्हणाले, "कॉटनच आहे ताई. रेयॉन कॉटन." मला सातवा महिना होता, पाय सुजले होते आणि कापड हाताला गार लागत होतं. मी सात मीटर घेतलं.

मार्चमध्ये बाळंतपण, तेही माहेरी अकोल्यात. म्हणजे बाळ दोन महिन्यांचं होईपर्यंत पारा ४४-४५ वर. बाजारातले फीडिंग गाऊन एक तर पॉलिएस्टरचे, नाही तर चेन भलत्याच ठिकाणी, म्हणून सगळे कपडे घरीच शिवायचे ठरवले. चार गाऊन शिवले: दोन आईने आणलेल्या केम्ब्रिक या सुती कापडाचे, दोन त्या गार लागणाऱ्या कापडाचे. बाळ तीन आठवड्यांचं असताना रात्री दोन वाजता चेन ओढली आणि टर्रकन आवाज आला. शिवण उसवली नव्हती. चेनच्या कडेने कापडच सुटलं होतं, धागे शिवणीतून सरकून बाहेर आले होते. नवा गाऊन, जेमतेम दहाबारा धुण्यांचा. आई झोपेतच म्हणाली, "अगं, ते कॉटन नव्हतंच."

हा घोटाळा फक्त दुकानदारामुळे होत नाही. दोन्ही कापडं खरोखरच एकमेकांच्या नात्यातली आहेत. कापूस म्हणजे सरकीवर उगवलेले तंतू, जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, म्हणजे झाडाचं अंग ज्याचं बनतं तो पदार्थ. रेयॉनही सेल्युलोजच, फक्त ते लाकडातून काढलेलं. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवतात, कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून त्याचं मधासारखं घट्ट द्रावण करतात, आणि ते बारीक छिद्रांतून आम्लाच्या कुंडात सोडलं की धागा तयार होतो. ही व्हिस्कोसची रीत १८९२ साली इंग्लंडमध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघांनी शोधली. 'रेयॉन' हे नाव १९२४ मध्ये पडलं. त्याआधी त्याला नकली रेशीमच म्हणत, त्याची चमक बघता ते नाव अगदीच चुकीचं नव्हतं. मध्य रेल्वेने कल्याणच्या पुढे कधी गेला असाल, तर शहाडचा सेंच्युरी रेयॉनचा कारखाना ठाऊक असेल. धागा होतो तो तिथे, बोंडात नाही.

म्हणून रेयॉनला 'सिंथेटिक' म्हणणंही बरोबर नाही, आणि 'नॅचरल' म्हणून कापसाच्या रांगेत बसवणंही नाही. मूळ माल झाडाचा, धागा कारखान्याचा.

सगळे सांगतात, धागा जाळून बघा. मीही पाहिला. जळक्या कागदाचा वास आला, चिमटीत चुरगळणारी राख उरली, आणि मी निश्चिंत झाले. मला फसवलं ते याच परीक्षेने. पॉलिएस्टर असतं तर वितळून घट्ट मणी झाला असता, तेवढं ती परीक्षा नक्की सांगते. पण कापूस आणि रेयॉन दोन्ही सेल्युलोज, दोन्ही कागदासारखेच जळतात. काडेपेटी इथे उपयोगाची नाही. लागते ती थुंकी.

कापडाच्या कडेतून वीतभर लांबीचा एक धागा काढायचा. मधोमध जिभेने ओला करायचा आणि दोन्ही टोकं धरून ओढायचा. रेयॉन असेल तर ओल्या जागीच तुटतो, तोही लगेच. कापूस असेल तर दुसरीकडे कुठेतरी कोरड्या भागात तुटतो आणि ओला भाग शाबूत राहतो. हे उभ्या धाग्यावर एकदा आणि आडव्या धाग्यावर एकदा करायचं, कारण उभा कापूस आणि आडवं रेयॉन अशी मिसळही मिळते. तिला 'रेयॉन कॉटन' म्हटलं तर ते रास्त. माझं कापड दोन्हीकडून ओल्या जागी तुटलं.

आणि बाळंतिणीच्या दृष्टीने सगळा फरक या एका ओल्या धाग्यातच आहे. कापसात सेल्युलोजच्या रेणूंच्या साखळ्या लांब आणि शिस्तीत रचलेल्या असतात. पाणी लागलं की कापसाचा धागा उलट थोडा मजबूत होतो, म्हणून तर धोपटण्याने बडवूनही सुती लुगडी वर्षानुवर्षं टिकली. रेयॉनमध्ये त्याच साखळ्या आखूड आणि सैल. पाणी आत शिरून त्यांना फुगवतं, आणि ओलं असताना त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. वाळलं की परत येते, पण तेवढ्या वेळात तुम्ही ते पिळलं, घासलं, नाही तर चेनने ओढलं, तर ते झिजतं.

आता बाळंतिणीचा गाऊन दिवसातून किती वेळ कोरडा असतो ते आठवून बघा. छातीशी दुधाने ओला, पाठीशी घामाने ओला, खांद्यावर बाळाने काढलेली गुळणी. रोज धुतला जातो, कधी दोनदा. दुधाचा डाग आधी गार पाण्यातच धुवावा लागतो, गरम पाणी लागलं की दुधातलं प्रथिन कापडात घट्ट बसतं. म्हणजे भिजवणं आलं, चोळणं आलं. आणि हे सगळं छातीवरच्या ज्या पट्ट्यात घडतं, तिथेच चेन असते आणि तिथेच सगळा ताण येतो. कमकुवत कापडाला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

मग रेयॉन गार का लागतं? लागतंच, तो भास नाही. ते अंगाला सपाट चिकटून बसतं, आणि हवेतला ओलावाही कापसापेक्षा जास्त धरतं: सर्वसाधारण हवेत कापूस वजनाच्या सुमारे ८ टक्के, रेयॉन सुमारे १२. पण जास्त पाणी पिणारं कापड वाळायलाही जास्त वेळ घेतं. अकोल्यात दोन्ही गाऊन दोरीवर तासाभरात खडखडीत होत, तिथे हे जाणवलंच नाही. माझी वहिनी ठाण्याला असते. तिच्याकडे मे महिन्याच्या चिकचिकाटात रेयॉनचा गाऊन संध्याकाळपर्यंत दमट राहतो, आणि अंगावर भिजला की पायांना गुंडाळतो. विदर्भ-खानदेशच्या कोरड्या झळांत जे कापड बरं वाटतं, ते कोकणपट्टीत बरं वाटेलच असं नाही. कोणी 'उन्हाळ्यासाठी बेस्ट' म्हणालं, तर आधी विचारावं, कुठला उन्हाळा?

रेयॉनची बाजू मात्र घ्यायलाच हवी. बाळंतपणानंतर पोट लगेच आत जात नाही, गर्भाशय आकसायलाच साधारण सहा आठवडे जातात. अशा वेळी नवंकोरं सुती कापड फुगून उभं राहतं आणि बाई तंबूसारखी दिसते. रेयॉन खाली सोडलेल्या पाण्यासारखं पडतं. घेर छान येतो, पोटावरून सरळ उतरतो, फोटोत बरं दिसतं. बारशाच्या तीन तासांसाठी मी रेयॉनच निवडेन, आणि त्या दिवशी मी फोटोत का चांगली दिसले याचं श्रेय कोणी बाळंतलाडवांना देऊ नये.

त्यासाठी मी अंगरखा शिवला. एका बाजूची पात दुसरीवर, बगलेखाली नाडी. ना चेन ना बटणं. बाळाला घ्यायचं तर वरची पात बाजूला करायची. दूध उतरल्यावर छाती दोनतीन इंचांनी सहज बदलते आणि पुढे पुन्हा बदलते. नाडी सैल-घट्ट करता येते, चेन येत नाही. ज्या कोणी ही रीत काढली तिला अंगावर पाजायचं मूल असणार, अशी माझी खात्री आहे. बारशाच्या अंगरख्याला छातीपुरतं मलमलीचं अस्तर लावलं. ताण अस्तरावर आला, रेयॉन वर नुसतं मिरवत राहिलं.

शिवताना दोघांचे स्वभाव वेगळे. सुती कापड सांगाल तसं वागतं. फक्त आधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मग कापायचं. खळ निघते आणि आटायचं तेवढं आटून जातं. माझं केम्ब्रिक मीटरला तीन सेंटिमीटर आटलं. रेयॉन सहा सेंटिमीटरने आटलं, म्हणजे पायघोळ गाऊनची उंची घोट्यावरून वर गेली असती. आधी धुतलं म्हणून वाचले. रेयॉन टेबलावर कापायला गेलात तर सरकून जमिनीवर जातं. खाली सुती चादर अंथरा, म्हणजे ते धरून राहतं. सुई ११ नंबरची, नवी. शिवणीला पाव इंच माया पुरत नाही, धागे सुटतात. मी पाऊण इंच सोडते आणि कडा आत दुमडून दुसरी शिलाई मारते. तिरप्या कापाचा घेर असेल तर खालची पट्टी लगेच दुमडू नका. एक रात्र हँगरला टांगून ठेवा, रेयॉन स्वतःच्या वजनाने खाली लोंबतं आणि सकाळी घेर एका बाजूला दोन बोटं लांब झालेला असतो. हे मला आईने सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

कापडाचा हिशेब साधा आहे. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून पूर्ण लांबीचा, कोपरापर्यंत बाह्यांचा गाऊन साडेतीन मीटरमध्ये बसतो, गुडघ्यापर्यंतचा अंगरखा अडीच-तीनमध्ये. पहिल्या सहा आठवड्यांसाठी चार गाऊन, चारही सुती, गडद छपाईचे. गडद का, हे बाळंतिणीला वेगळं सांगायला नको. मुंढा, म्हणजे बाहीचा जोड, नेहमीपेक्षा इंचभर खोल ठेवा, दंडही थोडे भरलेले असतात. पुढे घराबाहेर पडायला लागाल तेव्हा दोन-तीन सुती अंगरखे, आणि एखादी रेयॉनची पलाझो चालेल. पलाझोची बैठक मात्र ढगळ ठेवा. मांडी घालून बसलात की मागच्या शिवणीवर ताण येतो, आणि रेयॉन तिथेही तेच करतं जे त्याने माझ्या चेनपाशी केलं.

सुतीमध्ये काय घ्यायचं? रोजच्या गाऊनला केम्ब्रिक. मलमल त्याहून मऊ आणि हवेशीर, पण आरपार दिसते. माहेरी दिवसभर भेटायला येणाऱ्यांची रांग असते, तेव्हा आत शमीज हवीच, आणि दोन थर झाले की हवेशीरपणा संपला. वॉइलचा धागा पिळदार असतो, त्यामुळे ते अंगापासून जरा सुटून राहतं. घामाच्या दिवसांत ते मलमलीपेक्षा बरं. पॉपलिन मजबूत, पण उन्हाळ्यात मला जाड वाटतं.

बाळाच्या कपड्यांत हाच गोंधळ वेगळ्या नावाने येतो, आणि तो जास्त महाग पडतो. भेट म्हणून आलेल्या दुपट्यावर लिहिलं होतं 'बांबू'. फारच मऊ. पण बांबूचा मऊ कपडा म्हणून जो मिळतो तो बहुतेक बांबूच्या लगद्यापासून केलेला व्हिस्कोस असतो, म्हणजे रेयॉनच. लाकडाऐवजी बांबू, बाकी कुंड तेच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ पासून यावर कारवाया केल्या आहेत. तिथे अशा कापडाला नुसतं 'बांबू' म्हणता येत नाही, 'बांबूपासून केलेलं रेयॉन' असंच लिहावं लागतं. दुपटं वाईट नाही, बाळ त्यात मजेत झोपलं. पण ते बांबूच्या नावाने जादा पैसे देऊन घ्यायचं कारण नाही, आणि लंगोटासारखं ते रोज घासताही येत नाही. 'मोडाल' हेही त्याच घराण्यातलं, बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचं, मात्र ओलं असताना साध्या रेयॉनपेक्षा चांगलं टिकतं. बजेट असेल तर तो मधला मार्ग आहे.

झबली-टोपडी मात्र आजीच्या जुन्या सुती पातळाची शिवली. इतकी धुतलेली, की आटायला काही शिल्लकच नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी मी पुन्हा त्याच दुकानात गेले. बाळ आईकडे, हातात दीड तास. काकांनी तेच ठाण पुढे केलं, "कॉटनच आहे ताई." मी कडेचा धागा काढला, जिभेने ओला केला, ओढला. ओल्या जागी तुटला. काकांनी माझ्याकडे पाहिलं, ठाण गुंडाळलं, वरच्या फळीवरून दुसरं काढलं आणि म्हणाले, "मग हे घ्या. मीटरमागे चाळीस रुपये जास्त पडतील."