तहान नसलेली हवा: बेळगावच्या पावसाळ्यात परडं आणि भट्टी

बेळगावात वर्षातली सर्वांत गार दुपार कोणत्या महिन्यात येते? दहापैकी नऊ जण डिसेंबर किंवा जानेवारी म्हणतील. रात्रीपुरतं ते खरं आहे. पण जानेवारीतल्या दुपारी पारा २९-३० अंशांवर जातो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तो २५-२६च्या पुढे सरकत नाही. गंमत अशी की ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात भरदुपारी सूर्य इथे अगदी डोक्यावर असतो. आपला अक्षांश १५.८५ अंशांच्या आसपास, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा माथ्यावर येतो: एकदा मेच्या सुरुवातीला, एकदा ऑगस्टमध्ये. मेमध्ये तो भाजून काढतो. ऑगस्टमध्ये तोच सूर्य ढगांच्या वर राहतो आणि खाली आपण स्वेटर शोधत असतो.

अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्री चढताना निवते, आणि निवली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं. घाटमाथ्यावर, मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीला, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. बेळगाव शहरात तो निम्म्याहूनही कमी होतो, आणि पूर्वेला अथणीपर्यंत पोचेस्तोवर जेमतेम पाच-सहाशे उरतो. एकाच जिल्ह्यात एकीकडे भात लावायला चिखल करतात आणि दुसरीकडे ज्वारीसाठी आभाळाकडे बघतात. म्हणून परसबागेचा एकच सल्ला साऱ्या जिल्ह्याला देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मी लिहिते आहे ते बेळगाव-खानापूर पट्ट्याबद्दल, जिथे आर्द्रा लागल्या की आभाळ खाली उतरतं आणि तरणा-म्हातारा पाऊस संपेपर्यंत वर जात नाही.

या दिवसांत झाडाचं आणि भाकरी-पावाचं नशीब पावसापेक्षा हवेवर जास्त ठरतं. त्यासाठी थोडा हिशेब करू. २४ अंश तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २२ ग्रॅम वाफ धरू शकते. आर्द्रता ९० टक्के असेल तर त्यातली २० ग्रॅम आधीच भरलेली असते आणि जागा उरते दोन ग्रॅमची. एप्रिलातली दुपार घ्या: ३६ अंश, आर्द्रता ३० टक्के. ती हवा ४१-४२ ग्रॅम धरू शकते, आहेत १२-१३, म्हणजे अजून २९ ग्रॅमची जागा रिकामी. एप्रिलची हवा तहानलेली असते. पानातून, मातीतून, दोरीवरच्या कपड्यांतून, उघड्या पावाच्या कापातून ती पाणी ओढून घेते. जुलैच्या हवेची तहान भागलेली असते. कपडे वाळत नाहीत यात पावसाइतकाच या भरलेल्या हवेचा हात आहे. घरात पंख्याखाली टाकले तरी ते दमटच राहतात.

आता परड्यात या. झाडाच्या मुळापासून शेंड्यापर्यंत पाणी चढतं त्याचं मुख्य कारण म्हणजे पानांतून होणारं बाष्पीभवन. वरून पाणी उडतं, खालून ओढलं जातं, आणि त्याच प्रवाहात विरघळलेली खनिजं वर येतात. हवेला तहान नसली की हा ओढा मंदावतो. मुळं मात्र रात्रभर काम करत असतात. पहाटे अळूच्या पानाच्या टोकाला किंवा टोमॅटोच्या पानांच्या दातेरी कडेला ओळीने थेंब लागलेले दिसतात, ते नीट बघा. दव पानभर पसरतं. हे थेंब फक्त कडेला आणि ठरावीक अंतरावर असतात. मुळांच्या दाबाने झाडाने स्वतः बाहेर काढलेलं ते पाणी आहे, आणि त्यासाठी पानांच्या कडेला सूक्ष्म छिद्रं असतात. थेंब वाळला की कधी कधी पांढुरकी खूण राहते, ती त्यात विरघळलेल्या क्षारांची.

याचा तोटाही आहे. चुन्यातलं कॅल्शियम झाडात फक्त या वर चढणाऱ्या पाण्याबरोबरच जातं. एकदा पानात बसलं की ते तिथून दुसरीकडे हलत नाही. ओढा मंद झाला की कोवळ्या, मिटलेल्या पानांना ते पुरत नाही आणि पालेभाजीच्या आतल्या पानांच्या कडा करपतात. लोक त्यावर औषध मारतात. माझ्या मते आधी वाफ्याकडे बघावं. मातीत पाणी तुंबलं असेल तर मुळांना प्राणवायू मिळत नाही, कारण पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी हळू पसरतो. गुदमरलेली मुळं खत घालूनही ते घेत नाहीत. वाफा वीतभर उंच करा, चर काढा, कडेने पाणी वाहून जाऊ द्या. आल्या-हळदीचे गादीवाफे आपल्याकडे पूर्वापार उंच असतात ते उगाच नाही.

शेजारच्या अक्का दर पावसाळ्यात एकच तक्रार घेऊन येतात: "ताई, टोमॅटोला फुलं ढीग लागलीत, फळ एक धरंना." कारण पुन्हा तीच हवा. टोमॅटोच्या फुलातले परागकण सुटे आणि कोरडे असले तरच हलक्या धक्क्याने झडतात. दमट हवेत ते चिकटून गोळा होतात आणि आतच राहतात. वर पाण्याचा थेंब पडला तर परागकण पाणी शोषून फुटतातच. त्यात पावसात मधमाश्या बाहेर पडत नाहीत. मी अक्कांना सांगितलं की उघडीप मिळाली, ऊन जरा कोवळं पडलं, की दहाच्या सुमाराला फुलांच्या देठाला बोटाने टिचकी मारत जा. वेलभाज्यांना त्याहून पुढे जावं लागतं. तांबड्या भोपळ्याची फुलं पहाटे उमलतात आणि दुपारच्या आत मिटतात. मादी फुलाच्या खाली सुपारीएवढा इवला भोपळा असतो, नर फुलाला नुसता लांब देठ. नर फुल खुडून पाकळ्या काढा आणि आतला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यावर फिरवा. दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात, त्यांच्यासाठी तिन्हीसांजेला जायचं. एवढं केलं की पोरांनाही फुलाचं शास्त्र पुस्तकाशिवाय समजतं.

सर्वांत जास्त काळजी मला करप्याची वाटते. बेळगाव तालुक्यात पावसाळी बटाटा घेतात, आणि बटाट्याचा उशिरा येणारा करपा तोच टोमॅटोलाही लागतो. त्याचा कारक फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स. दिसायला तो बुरशीसारखा असला तरी खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही. १८४५पासून आयर्लंडमध्ये बटाट्याची पिकं याने बसवली आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि रोगराईने गेली. त्याला लागते गार हवा आणि बराच वेळ ओलं राहणारं पान. रात्रीचे १९-२० अंश, दिवसाचे २५, आणि दिवसरात्र ओली पानं: आपला जुलै त्याला मानवतो. म्हणून खालची, मातीला टेकणारी पानं काढून टाका, रोपांत अंतर ठेवा, आणि पाणी पानांवर ओतू नका. पान जितका वेळ कोरडं राहील तितका रोगाला वाव कमी.

बोर्डो मिश्रण हा जुना उपाय अजूनही कामाचा आहे. फ्रान्समधल्या बोर्डो भागात पियेर मिलार्दे यांनी १८८५ मध्ये द्राक्षाच्या केवडा रोगावर ते जगापुढे आणलं. कोकण-गोव्यात सुपारीच्या बागांत कोळेरोगावर तेच फवारतात. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे दहा लिटर पाण्यात १०० ग्रॅम मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि १०० ग्रॅम चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत विरघळवून मग एकत्र करायचे. मग घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा त्यात मिनिटभर बुडवायचा. खिळ्यावर तांबूस थर आला तर तांबं अजून मोकळं आहे, पानं भाजतील. चुना थोडा वाढवायचा आणि पुन्हा बघायचं. खिळा जसाच्या तसा निघाला की फवारा. मिश्रण त्याच दिवशी वापरायचं, आणि हे रोग येण्याआधीचं संरक्षण आहे. पान काळं पडल्यावर ते उलटं हिरवं होत नाही.

स्वयंपाकघरात हीच तहान भागलेली हवा दुसरं रूप दाखवते. मीठ पाझरतं, कारण आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून त्यात विरघळू लागतं. नानकटाई मऊ पडते, कारण ती भट्टीतून निघते तेव्हा तिच्यात पाणी फारच थोडं असतं आणि हवा तिला ते देऊ करते. मांड्यांचंही तसंच. उलट्या मडक्यावर भाजलेला तो कागदासारखा पातळ पदार्थ पावसाळ्यात उघडा राहिला तर बघता बघता लुळा पडतो. उपाय एकच: पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. कोमट असताना भराल तर आतलीच वाफ झाकणाला लागून थेंब होऊन खाली पडेल. मऊ पडलेली नानकटाई १२० अंशांवर दहा मिनिटं ठेवली की पुन्हा खुसखुशीत होते. तिच्यात शिरलेलं पाणीच तेवढं जातं.

पावाच्या पिठात हा फरक मोजता येतो. कोरड्या दिवसांत पिठात १३ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, दमट दिवसांत उघड्या डब्यातलं पीठ १६ टक्क्यांपर्यंत जातं. अर्धा किलो पिठात हा फरक १५ ग्रॅमचा, म्हणजे मोठा चमचाभर पाण्याचा. मे महिन्याच्या मापाने जुलैत पीठ मळलं की ते हाताला चिकटतं ते यामुळे. पाणी एकदम ओतू नका; शेवटचे दोन चमचे बाजूला ठेवून हाताला विचारा.

यीस्टचं काम गारव्याने मंदावतं. तापमान दहा अंशांनी उतरलं की आंबण्याचा वेग ढोबळमानाने निम्मा होतो. एप्रिलात तासाभरात दुप्पट फुगणारा गोळा जुलैत दोन तास घेतो. घाई असेल तर पाणी कोमट घ्या. हिशेब सोपा आहे: हव्या त्या तापमानाची दुप्पट करून त्यातून पिठाचं तापमान वजा करायचं. पीठ २२ अंशांवर असेल आणि गोळा २७चा हवा असेल, तर पाणी ३२ अंशांचं. पण मला विचाराल तर घाई करू नका. सावकाश आंबलेल्या पिठात आम्लं आणि सुवासिक द्रव्यं जास्त तयार होतात. चोर्ला घाटापलीकडे गोव्याचे पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, पूर्वी माडाच्या सुरेवर पीठ आंबवत. त्या पावाच्या चवीत यीस्टइतकाच सुरेतल्या जिवाणूंचा वाटा होता.

आम्लाचा आणखी एक उपयोग आहे. कधी पाव कापला की आत चिकट तारा सुटतात आणि अतिपिकलेल्या फळासारखा वास येतो. ते बॅसिलस जातीच्या जिवाणूंचं काम. त्यांचे बीजाणू भट्टीतही मरत नाहीत, कारण पावाचा गाभा पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा जास्त तापत नाही, आणि ७५० मीटर उंचीवर तो बिंदूच ९७-९८ अंशांचा आहे. मृगाआधीच्या दमट उकाड्यात हा त्रास जास्त. पीठ सावकाश आंबवलं किंवा त्यात थोडं दही घातलं की आम्लतेमुळे ते जिवाणू वाढत नाहीत. तारा सुटलेला पाव मात्र खाऊ नका, टाकून द्या. बुरशीची गोष्ट वेगळी: तिचे बीजाणू भट्टीत मरतात आणि नंतर हवेतून नव्याने बसतात. पाव फ्रिजमध्ये ठेवला तर बुरशी मंदावते, पण तिथल्या गारव्यात पिष्टाचे (स्टार्चचे) रेणू लवकर पुन्हा बांधले जातात आणि पाव कडक होतो. दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा असेल तर काप करून सरळ फ्रीझरमध्ये टाका.

परडं आणि भट्टी दोन्ही एकत्र येतात ते तवसळीत, म्हणजे काकडीच्या भाजलेल्या गोड वडीत, कोकणात जिला धोंडस म्हणतात. श्रावण-भाद्रपदात वेलावर पिकून पिवळं झालेलं तवसं, म्हणजे मोठी काकडी, किसायचं. त्यात ९५ टक्के पाणीच असतं, म्हणून वेगळं पाणी घालायचं नाही; भाजलेला तांदळाचा रवा त्याच पाण्यात भिजू द्यायचा. गूळ, ओलं खोबरं, वेलची, चिमूटभर मीठ. तांदळात गव्हासारखं ताणलं जाणारं ग्लुटेन नाही, त्यामुळे ही पावासारखी फुगत नाही. तिला एकत्र धरतं ते पिष्ट: ७०-७५ अंशांना तांदळाच्या पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि सगळं मिश्रण बांधून टाकतात. पूर्वी खाली-वर निखारे ठेवून भाजत, कारण वरची बाजू तांबूस व्हायला कोरडी, तीव्र आच लागते. गूळ आणि प्रथिनांची रंग-वास देणारी क्रिया १४० अंशांच्या पुढे जोर धरते आणि ओला पृष्ठभाग तिथवर तापतच नाही. वीज गेली असेल तर जाड बुडाचं पातेलं मंद आचेवर ठेवा, तळाशी हळदीचं पान घाला, आणि वर तापलेला तवा झाकण म्हणून ठेवून तो मधूनमधून बदलत राहा. पाऊण तास ते तासभर लागतो.

उतरवल्यावर लगेच कापू नका. गरम असताना पिष्ट सैल असतं आणि वडी मोडते. निवताना ते आवळतं आणि सुरी स्वच्छ निघते. दुसऱ्या दिवशी कडक वाटली तर तव्यावर तुपात परता, पिष्ट पुन्हा सैल होईल. तिसऱ्या दिवसापर्यंत मात्र ठेवू नका. एवढं पाणी असलेला पदार्थ या हवेत टिकत नाही.